उद्यांच्या डोळ्याचें आज काढलेलें चित्र

मुलीला चष्मा लागला म्हणजे तिच्या लग्नाची काळजी करीत बसण्याचे दिवस आतां सरले. चष्म्याची कटकट मात्र सरलेली नाहीं. आमच्या कसबा पेठेंतील घरीं गेल्या महिन्यांत भाचीनें लेसरचा विषय काढला. तिचा नंबर उणे पांच. "मामा, शस्त्रक्रियेनंतर डोळा कसा होईल, याचें चित्र संगणक आधींच काढूं लागला आहे म्हणतात. मग भीति कसली?" तिच्या या सवालाचें उत्तर शोधतांना आम्हांस जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागीं त्याची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर. मद्रास विद्यापीठांत शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन् यांनीं १९८१ सालीं अमेरिकेंत सहकाऱ्यांसह दाखवून दिलें, कीं एक्सायमर लेसरनें आजूबाजूचा भाग न भाजतां जैविक पेशीजाल अत्यंत बारकाईनें कोरतां येतें. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग कोरल्यास दर नंबरामागें सुमारें १२ मायक्रॉन जाडी खर्ची पडते; म्हणजे भाचीच्या डोळ्यांतून ६० मायक्रॉन. पडदा मुळांतच दुबळा असेल, तर तो पुढें फुगत जातो व दृष्टि बिघडते. आमच्या तांबट आळींत घागरीस ठोका चुकला, तर कारागीर ती तापवून पुन्हां ठोकूं शकतो. कोरलेला पडदा मात्र पुन्हां भरून येत नाहीं.

म्हणूनच भविष्यचित्राचें मोल मोठें आहे. शस्त्रक्रियेपूर्वींच्या व नंतरच्या रंगीत नकाशांच्या जोड्या पाहून निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धि शिकते आणि नव्या डोळ्याचा नंतरचा नकाशा रेखाटते. एका यंत्रणेनें चित्र काढावें व दुसरीनें त्याचा खोटेपणा पकडावा, ही युक्ति इअन गुडफेलो व सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं मांडली. अशा चित्रावरून डॉक्टरांस बेत तपासतां येतो, रोग्यास समजावतां येतें. पण ही यंत्रणा चित्र खरें *वाटावें* म्हणून झटते. पुष्कळांच्या डोळ्यांचें जें होतें, तेंच ती काढते. जो डोळा शंभरांत निराळा, त्याचेंहि चित्र ती नेहमीसारखेंच सुरेख काढण्याचा संभव असतो.

आणि असे निराळे डोळे आपल्याकडे थोडे नाहींत. नागपूरजवळच्या खेड्यांतील तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या पाहणींत स्वच्छमंडल शंकूसारखें होण्याचा विकार शेंकडा २.३ जणांत आढळला; हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील मिनेसोटाच्या १९८६ सालच्या पाहणींत तेंच प्रमाण लाखांत ५४ होतें. दोहोंच्या कसोट्या निराळ्या होत्या हें खरें; तरीहि परक्या डोळ्यांवर शिकलेलें यंत्र आपल्या डोळ्यांविषयीं कितपत खरें बोलेल, हें विचारणें भागच आहे.

भाचीच्या डाव्या डोळ्याच्या नकाशांत खालच्या बाजूस डॉक्टरीणबाईंस संशयास्पद वक्रता दिसली. "डोळे चोळण्याची सवय आधीं सोडा, सहा महिन्यांनीं पुन्हां पाहूं," त्या म्हणाल्या. पोर हिरमुसली, आम्ही मात्र त्यांचे मनोमन आभार मानले.

चित्र अवश्य पाहावें. पण सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत: यंत्र कोणाच्या डोळ्यांवर शिकलें? त्याचें भाकीत किती वेळां चुकलें? आणि कोरल्यावर माझ्या डोळ्यांत जाडी किती उरेल? या तिहींचीं उत्तरें मिळेपर्यंत चष्मा नाकावर राहिला, तर कांहीं बिघडत नाहीं.