मोबाईलच्या पडद्यावरून अरबी

'एर्तुग्रुल'सारख्या तुर्की मालिका आपल्या घराघरांत पोहोचल्या. कोणी त्या उर्दूत डब केलेल्या पाहिल्या, तर कोणी मूळ तुर्की आवाजात, खालची उर्दू सबटायटल वाचत. मूळ आवाज ऐकणाऱ्यांच्या कानावर किताप, कलेम, दुन्या, पेर्दे असे शब्द पडले. म्हणजे आपलेच किताब, कलम, दुनिया, पडदा! तरीही शेकडो भाग पाहून तुर्की काही आली नाही. असे का होते?

कारण साधे आहे. आपल्या भाषेतली ओळ दिसली की डोळे ती वाचतात आणि कान स्वस्थ बसतात. मिटरर आणि मॅक्वीन या हॉलंडमधील अभ्यासकांनी २००९ मध्ये हेच तपासले. इंग्रजी जाणणाऱ्या डच विद्यार्थ्यांना त्यांनी अनोळखी ढंगाच्या इंग्रजीतले व्हिडिओ दाखवले. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांना त्या ढंगातली नवी वाक्येही चांगली पकडता आली. डच सबटायटल वाचणाऱ्यांना मात्र नवी वाक्ये पकडताना उलट अडचण झाली. सांगायचे एवढेच की, जी भाषा ऐकतो तिचीच अक्षरे डोळ्यांसमोर हवीत.

इथेच आपल्या मुलांना एक मोठी सवलत आहे. जालना, अंबड, भोकरदन, परतूर, कुठेही पाहा. मूल घरी दखनी बोलते, शाळेत मराठी शिकते आणि मकतबमध्ये नाझरा कुरआन वाचते. अरबी अक्षरे त्याला येतात. दुआ, इल्म, किताब, सब्र, शुक्र हे शब्दही ओळखीचे असतात. उणीव आहे ती अर्थाची. म्हणून परकी भाषा शिकायचीच असेल, तर आपल्याला अरबी सर्वांत जवळची आहे.

कसे शिकावे?

दोन-तीन मिनिटांचाच व्हिडिओ निवडावा. पहिल्यांदा उर्दू किंवा हिंदी सबटायटल लावून अर्थ समजून घ्यावा. दुसऱ्यांदा अरबी सबटायटल लावून वेग थोडा कमी करावा आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून ते मोठ्याने म्हणावे. तिसऱ्यांदा सबटायटल बंद करून नुसते ऐकावे. रोज पाच शब्द मराठी अर्थासह वहीत लिहावेत.

निवड मात्र जपून करावी. मालिकांमधली अरबी ही बहुधा इजिप्त, सीरिया किंवा आखाताची बोली असते. कुरआन आणि पुस्तकांच्या जवळची भाषा म्हणजे फुस्हा. लहान मुलांची पुष्कळ कार्टून फुस्हामध्ये असतात. सबटायटलमध्ये जेर-जबर सहसा नसतात, त्यामुळे उच्चार कानानेच पक्का करावा लागतो. यंत्राने आपोआप तयार केलेल्या सबटायटलमध्ये चुकाही असतात. पद्धतशीर शिकायचे असेल, तर तामिळनाडूतील वाणियंबाडीचे डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी मदीना विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली पुस्तके आहेत. त्यांच्या इंग्रजीतील तासांचे व्हिडिओही नेटवर मिळतात.

गुरूची गरज उरतेच

व्हिडिओ आपली चूक दुरुस्त करत नाही. शेजारच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट गावचे उदाहरण घ्या. २०२० मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी रोबोटच्या आवडीतून जपानी शिकायला घेतले. शिक्षण ऑनलाईनच होते, पण पडद्यापलीकडे एक जाणकार शिक्षक होते. आपल्या मोहल्ल्यातही अरबी जाणणारे आलिम, आलिमा असतात. आठवड्यातून एकदा त्यांच्यापुढे चार वाक्ये बोलून दाखवली, तर फार मोठी मदत होईल.

हा केवळ हौसेचा विषय नाही. आखातात कामाला जाणारा तरुण ज्या करारावर सही करतो, तो त्याला वाचता येतो का? सौदीच्या कामगार कायद्यात करार दोन भाषांत असेल, तर अरबी मजकूरच प्रमाण मानला जातो. पगार, सुट्टी, मुदत एवढे शब्द जरी कळले, तरी फसवणुकीला आळा बसेल. दहावीनंतर घरी थांबलेल्या मुलीला बाहेरची शिकवणी मिळत नसेल, तर घरातला फोन तिच्यासाठी शिक्षणाचे दार ठरू शकतो. फोन फक्त भावाच्याच हाती का असावा?

प्रेषितांच्या (स.) सांगण्यावरून हजरत झैद बिन साबित (रजि.) यांनी परकी लिपी सुमारे पंधरा दिवसांत शिकून घेतली, असे हदीसमध्ये आले आहे. पत्रव्यवहारात दुसऱ्यावर विसंबावे लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. आपली गरजही तीच आहे. मगरिबनंतर आई आणि मुलांनी मिळून पंधरा मिनिटे द्यावीत. इन्शाअल्लाह, पुढच्या रमजानमध्ये तरावीहमधले चार शब्द तरी ओळखीचे वाटतील.