ओपनिंग पाठ होती, तरी डाव गेला

मागच्या व्हिडिओत माझ्यामागे बुद्धिबळाचा पट दिसला आणि बॅचमधल्या दोघांनी विचारलं, "सर, ओपनिंगचा अभ्यास कसा करायचा?" मी काही मोठा खेळाडू नाही, शटर ओढल्यावर रात्री खेळणारा माणूस. पण यात वेळ भरपूर वाया घालवलाय, म्हणून सांगतो.

मी आधी 'फ्राइड लिव्हर' पाठ केलं. दोघांची राजासमोरची प्यादी दोन घरं पुढे, पांढरा घोडा एफ३, काळा सी६, पांढरा उंट सी४, काळ्याचा दुसरा घोडा एफ६. मग पांढरा घोडा जी५ वर. आता उंट आणि घोडा, दोघांचा नेम एफ७ वर, आणि तिथलं प्यादं राखायला एकटा राजा! काळा डी५ ला प्यादं ढकलतो, आपण ते मारतो. त्यानं घोड्यानं परत मारलं की आपण एफ७ वर घोडा द्यायचा आणि त्याचा राजा मैदानात ओढायचा. बघायला एकदम भारी.

एका स्पर्धेत समोर शाळकरी मुलगा होता. त्यानं प्यादं मारलंच नाही. सी६ चा घोडा गुपचूप ए५ वर ठेवला. माझं पाठांतर तिथंच संपलं. एक प्यादं जास्त असूनही मी डाव हरलो.

घरी येऊन पट मांडला तेव्हा कळलं. ए५ चा घोडा माझ्या उंटावर येतो. मी बी५ वरून शह दिला, तर तो सी६ ला प्यादं आणतो, मारामारी होते आणि उंटाला पुन्हा पळावं लागतं. मग एच६ करून तो जी५ च्या घोड्यालाही हाकलतो. म्हणजे एक प्यादं देऊन पोरानं वेळ विकत घेतला होता. आपण दुकान उघडताना पहिल्या आठवड्यात सूट देतो, तसंच की हे.

तेव्हापासून मी वही ठेवलीय. प्रत्येक चालीपुढे 'का?' लिहायचं. उत्तर लिहिता आलं नाही, तर ती चाल मला येत नाही असं समजायचं. पांढऱ्याची एक ओपनिंग, काळ्याच्या दोन (ई४ ला एक, डी४ ला एक), आणि निदान सहा महिने बदलायची नाही. निवांत वेळेचे डाव खेळायचे. डाव झाला की लिचेसचं ओपनिंग एक्सप्लोरर उघडायचं, ते फुकट आहे. आपण नेहमीची वाट कुठे सोडली ते बघायचं आणि तिथून फक्त एक चाल पुढचं शिकायचं. इंजिन सगळ्यात शेवटी. ते चाल सांगतं, कारण सांगत नाही.

२००० साली लंडनमध्ये क्रामनिकनं कास्पारोव्हविरुद्ध जुनाच बर्लिन बचाव काढला. त्यात वजीर लवकर पटावरून जातात, काळ्याचा किल्लेकोटही हुकतो. दिसायला घाट्याचा सौदा. पण वजिरांशिवाय पुढे काय करायचं हे क्रामनिकला पक्कं ठाऊक होतं. ओपनिंगच्या तयारीसाठी ज्याला सगळे घाबरायचे, त्या कास्पारोव्हला अख्ख्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. जगज्जेतेपद गेलं.

माझ्या वहीत 'फ्राइड लिव्हर'चं पान अजून पूर्ण नाही. एच६ नंतर घोडा बहुतेक जण एफ३ वर नेतात. फिशरनं १९६३ मध्ये तो एच३ वर, पटाच्या कडेला नेला होता. त्यापुढचा 'का?' अजून कोराच आहे.