चौकोनातलं राहनाळ

राहनाळ, पूर्णा, काल्हेर या भिवंडीच्या गोदामपट्ट्यात एकेकाळी बांध घातलेल्या भाताच्या खाचरांत पावसाचं पाणी अडून राहायचं. आता भराव टाकून उभ्या केलेल्या गोदामांच्या पत्र्यांवरून ते थेट काँक्रीटवर आणि तिथून काही मिनिटांत नाल्यात येतं. खाडीला भरती असली की नालाही तुंबतो. असा नाला किती रुंद हवा हे ठरवताना अभियंता एक आकडा गृहीत धरतो : तासाला किती मिलिमीटर पाऊस. हवामान धोरण म्हणजे शिखर परिषदा आणि 'नेट झिरो'ची सालं असं आपण समजतो. माझ्या मते त्याची खरी कसोटी या आकड्यात आहे. मुंबईच्या जुन्या गटारांसाठी तो 25 होता, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 50 सुचवला. दोन्ही आकडे मागच्या नोंदींवर उभे होते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मागचं पाहून पुढचं ठरवण्याची मर्यादा सगळ्यांना दिसली.

संगणकी हवामान प्रारूपं पुढचं पाहतात ती ज्योतिषासारखी नव्हे. हवा आणि समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकात उष्णता, बाष्प, वारा यांची समीकरणं सोडवायची, आणि हरितगृह वायू इतके वाढले तर काय होईल, असं विचारायचं. केंद्र सरकारच्या 2020च्या हवामानबदल अहवालात शतकाअखेर देशाचं तापमान 1976-2005च्या तुलनेत 4.4 अंशांनी वाढेल असं म्हटलं आहे. तेही अशाच एका 'तर'वर, उत्सर्जन बेसुमार राहिलं तर, आधारलेलं आहे. बातम्यांत नेमका हा 'तर' गळतो.

या प्रारूपांवरचे आक्षेप खरे आहेत. महाराष्ट्राच्या अनुकूलन आराखड्यासाठी 'टेरी' या संशोधन संस्थेने 2014 साली केलेल्या अभ्यासात चौकोनाची बाजू सुमारे 25 किलोमीटर होती. एवढ्या जागेत राहनाळच्या नाल्याचा ठिपकाही उमटत नाही. शिवाय उष्णतेबरोबर मान्सून वाढेल असं प्रारूपं सांगत असताना 1951 ते 2015 दरम्यान तो सुमारे 6 टक्क्यांनी घटला. शास्त्रज्ञ याचा मोठा दोष हवेतल्या प्रदूषक कणांना देतात. पण नाला हंगामाच्या बेरजेने तुंबत नाही, एका दिवसाच्या माऱ्याने तुंबतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, आणि माऱ्याचा जोर वाढण्याबाबत प्रारूपंही सहसा एकमताने बोलतात.

आणखी एक आक्षेप मला जास्त पटतो : पूर भरावामुळे येतो, हवामानबदल ही नुसती पळवाट. भरावाचा हिशेब ग्रामपंचायत आणि एमएमआरडीएकडूनच मागायला हवा, यात वाद नाही. मात्र वाढता पाऊस आणि घटती मोकळी जमीन यांचा परिणाम एकमेकांवर चढतो. म्हणून आज परवाना देतानाच पुढचा पाऊस धरून मोरी हातभर रुंद करून घेणं स्वस्त आहे. गोदामं उभी राहिल्यावर तीच मोरी काँक्रीट फोडून, वाहतूक अडवून, सरकारी पैशाने रुंदवावी लागते.