टूफा: दगडांवरची तळ्याची खूण

नेवाडातल्या पिरॅमिड लेकच्या काठी कुत्र्याला घेऊन भटकायला गेलात, तर त्याच्यासाठी प्यायचं पाणी सोबत न्या. ट्रकी नदी या तळ्यात येते, पण पुढे वाटच नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात.

काठावरच्या मोठ्या दगडांवर पांढरट थर दिसेल. तो टूफा. झऱ्यांतलं कॅल्शियम तळ्यातल्या कार्बोनेटमध्ये मिसळलं की पाण्याखाली चुनखडी साचते. मग हा थर आज कोरड्या उतारावर, डोक्याच्याही वर का? कारण एकेकाळी पाणी तिथवर होतं! इस्रायल रसेलने १८८५ मध्ये लहॉन्टन या हिमयुगीन सरोवराचा इतिहास अशाच खुणांवरून मांडला.

थराचं वय रेडिओकार्बनने काढताना मात्र जपून. तळ्यात विरघळलेला जुना कार्बन वय फुगवतो. आकडा मिळाला की आधी विचारा: हा नेमकं काय मोजतोय? आणि ही पायूट लोकांची जमीन आहे. परवानगीशिवाय खडाही उचलू नका.