कुत्र्याला मोटारीतून नेताना

कुत्रा हा खेड्यातल्या माणसाचा जुना सोबती. रात्री तो घर राखतो. रानात डुकरे हाकलतो. धनगराबरोबर मेंढरांमागे कोसच्या कोस चालतो. त्याला मोटारीत बसवायची वेळ पूर्वी क्वचितच येई. आता ती पुष्कळदा येते.

कशासाठी? पहिले कारण म्हणजे लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याच्या रोगाविरुद्ध लस टोचावी लागते. पुढे ती दर वर्षी टोचतात. पिसाळलेला कुत्रा माणसाला चावला आणि त्या माणसात रोगाची लक्षणे दिसू लागली, तर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कुत्र्याला लस टोचणे म्हणजे आपल्याच पोराबाळांना जपणे होय. गुरांचा दवाखाना लांब असेल तर जीप, टेंपो किंवा मोटार करावी लागते. ही वाट सुखाने कशी पार पाडावी, ते आता पाहू.

ऊन हा मोठा वैरी

माणसाला उकडले की अंगभर घाम येतो. घाम वाळतो आणि अंग गार होते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येतो तो पायांच्या तळव्यांना, आणि तोही थोडाच. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्या धापांनीच त्याचे अंग गार राहते. पण भोवतीची हवाच तापली, तर धापा टाकून काय उपयोग?

उन्हात उभी असलेली बंद मोटार ही भट्टीच असते. काचेतून ऊन आत शिरते. बैठक तापते, पत्रा तापतो आणि आतली हवा तापते. ती तापलेली हवा बाहेर जात नाही. बाहेर ३५ अंश उष्णता असेल, तर १० मिनिटांत आत सुमारे ४५ अंश होते. अर्ध्या तासात ती ५० अंशांच्याही वर जाते.

एका शेतकऱ्याने गुरांच्या डॉक्टरांना विचारले, "डॉक्टरसाहेब, काच चार बोटं खाली ठेवली तर चालंल का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही काका. तेवढ्यानं गरमी फारशी कमी होत नाही. आणि सावलीचंही खरं नाही. सावली सरकते."

"मग बाजारात जरा काम असलं तर?"

"तर एकानं कुत्र्यापाशी थांबावं. नाहीतर त्याला बरोबर घ्यावं. पाच मिनिटांचं काम म्हणून जातो आपण, आणि लागतो अर्धा तास!"

म्हणून उन्हाळ्यात भल्या पहाटे निघावे, नाहीतर ऊन उतरल्यावर. कुत्र्याला मोटारीत एकटे कोंडून कधीही जाऊ नये.

कुत्र्याला ऊन लागले हे ओळखावे कसे? तो जोरजोराने धापा टाकतो. लाळ गाळतो. हिरड्या लालभडक होतात. चालताना झोकांड्या जातात. असे दिसले की त्याला लगेच सावलीत घ्या. पोटावर, मांड्यांवर, पायांवर साधे पाणी ओता. बर्फ लावू नका. वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी पाजा. मग तडक दवाखाना गाठा. कुत्रा उठून बसला तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण आतली इजा बाहेरून दिसत नाही.

मोकळा सोडू नका

पुष्कळ लोक कुत्र्याला मांडीवर किंवा पुढच्या बैठकीवर घेतात. हे बरे नव्हे. कुत्रा बुजला की हाकणाऱ्याच्या अंगावर येतो, पायांत शिरतो. मग ब्रेक दाबायचा कसा?

दुसरी गोष्ट अशी. मोटार थांबली तरी आतला जीव त्याच वेगाने पुढे जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळली, तर मोकळ्या कुत्र्याला बसणारा तडाखा सुमारे २० फुटांवरून खाली पडण्याएवढा असतो. पुढे बसलेल्या माणसांवर तो आदळला तर त्यांनाही इजा होते.

म्हणून त्याला मागच्या बैठकीवर बांधावे. दोरी गळ्याच्या पट्ट्याला बांधू नये. हिसका बसला तर गळा आवळतो. छातीभोवतून आणि खांद्यांवरून जाणारा पट्टा मिळतो, तो घालावा. उठता-बसता येईल एवढीच दोरी ठेवावी.

टेंपोच्या उघड्या हौद्यात नेताना जास्त काळजी घ्या. दोरी लांब राहिली तर कुत्रा कठड्यावरून उडी मारतो आणि लटकून मरतो. पत्रा तापून पाय भाजतात. गोणपाट अंथरा, वर सावली करा. जनावराला हाल होतील अशा रीतीने वाहून नेणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे.

ओकारी आणि भीती

मोटार लागते ती माणसालाच नव्हे, कुत्र्यालाही लागते. पिल्लांना तर जास्तच. लाळ गळू लागली, कुत्रा पुन्हा पुन्हा जांभया देऊ लागला, की समजावे. निघण्याआधी तीन-चार तास भाकरी घालू नये. पाणी मात्र थोडे थोडे द्यावे. तोंड दोरीने आवळून बांधू नये. बांधले तर धाप टाकता येत नाही, आणि ओकारी आली तर जीव गुदमरतो.

भीती घालवायला सवय हवी. आधी उभ्या मोटारीत बसवा. भाकरीचा तुकडा द्या. दुसऱ्या दिवशी वेशीपर्यंत न्या. मग लांब न्या. मारून-मुटकून कोंबलेला कुत्रा पुढच्या खेपेला मोटार दिसताच पळतो, आणि लस राहून जाते.

वाटेत दर दोन तासांनी थांबा. आधी दोरी हातात घ्या, मगच दार उघडा. नाहीतर कुत्रा भर रस्त्यात उडी घेईल. पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा. हरवला तर कोणीतरी कळवील.

ध्यानात ठेवा

१. उन्हात निघू नका.
२. बंद मोटारीत कुत्रा ठेवून जाऊ नका.
३. मागे बसवा, छातीच्या पट्ट्याने बांधा.
४. भरल्या पोटी नेऊ नका, पाणी बरोबर घ्या.
५. आधी दोरी हातात, मग दार.

कुत्र्याला बोलता येत नाही. गरम होतेय, मळमळतेय, हे तो सांगू शकत नाही. ते आपणच ओळखायचे. तो रात्रभर जागून आपल्याला राखतो. वाटेत त्याला आपण राखायचे.