बंदराची वाट वैशाखऱ्यातून

कल्याण हे एकेकाळी परदेशी जहाजांचं बंदर होतं, असं तिथे लोकलमधून उतरणाऱ्याला सांगितलं तर तो हसेल. समुद्र आहे कुठे? म्हणूनच हे बंदर पाहायला उलट्या टोकाकडून निघावं, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यातून.

कल्याण-माळशेज रस्त्यावरच्या या गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. घाटमाथ्याच्या जरा खाली लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांची नावं, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. वर खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं सांगतात. एवढा मिरवण्याजोगा लेख राजवाड्याऐवजी या आडखिंडीत का? माझ्या मते, जुन्नर-पैठणचा माल घेऊन कल्याण-सोपाऱ्याला उतरणारा प्रत्येक तांडा इथे दम खायला थांबणारच होता, म्हणून. एवढे वाचक राजधानीत तरी कुठून मिळणार?

कल्याण वसलं ते उल्हास खाडीत बरंच आत. पावसाळी वाऱ्यापासून आडोसा, भरतीबरोबर आत येणारी गलबतं आणि पाठीशी घाट. आयर्लंडमधलं वॉटरफर्डही असंच समुद्रापासून आत, नदीकाठी वसलेलं बंदर. व्हायकिंगांनी ते ९१४ साली वसवलं. कल्याण त्याहून कितीतरी जुनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत इथल्या व्यापाराची कोंडी नोंदलेली आहे: चुकून इथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जात. सत्तेची स्पर्धा, दुसरं काय! तरी बंदर मेलं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्याणचं नाव घेतलंच.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीकाठी गलबतं बांधायला काढली. पोर्तुगीज कारागीरही कामाला ठेवले. पुढे वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना फूस लावून पळवलं.

आता कल्याणच्या खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी नौदलाची निवृत्त ‘टी-८०’ नौका आणली आहे. मुलांना ती आवडेल, पण १९९८ सालच्या नौकेवरून सातवाहनांचं बंदर कळायचं नाही. त्यासाठी हिवाळ्यात आधी नाणेघाट चढावा, पावसाळ्यात वाट निसरडी असते. खाली उतरून कल्याणची एसटी धरावी आणि दुर्गाडीवर भरतीची वेळ साधावी. ओहोटीला खाडीत गाळच दिसतो.