घाबरल्यावर पोटॅशियम जातं कुठे?

गेल्या पावसाळ्यात घाटात बसचा अपघात थोडक्यात टळला आणि चालकाला सहकाऱ्यांनी आमच्याकडे आणलं. अंगावर ओरखडाही नव्हता. छाती मात्र धडधडत होती. नाडी १३०, ईसीजीत मधूनच एखादा जादा ठोका. रक्तातलं पोटॅशियम ३.१ आलं. ते साधारण ३.५ ते ५ हवं. निवासी डॉक्टर शिरेतून पोटॅशियम सुरू करायला निघाली. मी म्हटलं, "मॉनिटर लाव आणि दोन तासांनी पुन्हा रक्त पाठव." (ईसीजी आणखी बिघडला असता तर थांबलो नसतो.) दुसऱ्या रिपोर्टात पोटॅशियम ३.६ होतं, काहीही न देता.

ते शरीराबाहेर गेलंच नव्हतं. पेशींच्या आत शिरलं होतं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आवरणात सूक्ष्म पंप असतात. असा पंप एका फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो ओळखला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. माणूस घाबरला की रक्तात अ‍ॅड्रेनालिन येतं, स्नायूंमधले हे पंप जोरात चालतात आणि पोटॅशियम आत ओढलं जातं. दम्याचं सालब्युटामॉलही हेच करतं. म्हणून पोटॅशियम फार वाढलेल्या रुग्णाला आम्ही त्याची वाफ देतो.

हृदयाच्या पेशीत तर दर ठोक्याला सोडियम शिरतं. ठोके वाढले की उपसाही वाढायला हवा. एरवी या पंपावर फॉस्फोलेमन नावाच्या छोट्या प्रथिनाचा ब्रेक असतो. अ‍ॅड्रेनालिनचा निरोप पोचला की त्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं आणि ब्रेक सैल होतो. पेशीतल्या कॅल्शियमच्या पंपावर फॉस्फोलँबनचा ब्रेक असतो, तोही त्याच वेळी सुटतो. कॅल्शियम झटपट कोठारात परततं आणि हृदय सैलावतं. सैलावलंच नाही तर पुढच्या ठोक्यासाठी रक्त भरणार कधी? अ‍ॅड्रेनालिन म्हणजे हृदयावर नुसता चाबूक, अशी माझीही समजूत बरीच वर्षं होती.

मात्र ही सोय थोड्या वेळापुरतीच. कमजोर झालेल्या हृदयावर हा मारा महिनोन्‌महिने चालतो, तेव्हा पेशी निरोप घेणंच कमी करतात, कोठारातून कॅल्शियम गळू लागतं. आम्ही शिकत होतो तेव्हा अशा रुग्णाला बीटा ब्लॉकर देणं चूक मानलं जाई. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याच औषधांनी मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. अर्थात, सुरुवात अगदी कमी डोसने.

चालकाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्याचं नंतर कळलं. अशा काही गोळ्यांनी पोटॅशियम लघवीवाटे जातं. आधीच काठावर असलेलं पोटॅशियम भीतीने आणखी उतरलं, तर ठोक्यांची लय बिघडू शकते. वर्षभरात त्याचं रक्त एकदाही तपासलेलं नव्हतं. गोळी मनाने बंद करू नका, आठवड्याने तपासणीला या, असं मी केसपेपरवर लिहून दिलं.

"येतो की," तो म्हणाला, "पण डॉक्टर, घाटाची ड्युटी परवापासूनच आहे."